गद्रे यांच्या मते

लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या आळीत टपाल यायचं ते दुपारी, जेवणं उरकून भांडी पालथी पडली की. त्या दिवशीही तसंच झालं. इंदिरा मोरीशी बसून बाटल्या विसळत होती. ती नोकरीला होती त्या पाणी तपासणाऱ्या सरकारी केंद्राच्या बाटल्या होत्या त्या. तिथं पाण्याची बोंब, म्हणून ती पिशवीत घालून घरी आणायची. एकेकीच्या तळाशी हिरवी साय धरलेली.

"वहिनी, गद्रे सायबांचं टपाल!" हौशीराम पोस्टमननं पायरीवरूनच हाळी दिली. "तीन कार्डं हायेत. ह्ये एक लय लांबचं दिसतंय. तिकिटाचं काय करताय? द्या मला."

"घे की काढून."

"येवढी वरसं कार्डं टाकतोय, पर गद्रे सायेब कंदी दिसलं न्हाईत. ऱ्हात्यात तरी कुटं?"

"इथंच असतात. पोचवते मी त्यांना," इंदिरा म्हणाली आणि ओले हात पदराला पुसून तिनं कार्डं घेतली.

एक जपानहून आलं होतं, भातशेतीच्या अभ्यासकाचं. दुसरं हंगेरीतल्या कुणा पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरचं. तिसरं उत्तरेकडच्या एका गुरांच्या डॉक्टरचं. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण तिघांची मागणी एकच होती: श्री. गद्रे यांनी कृपा करून आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी.

"आली का माहेरची कार्डं?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"हो, आई."

"ही कार्डं इकडे धाडणाऱ्या त्या पुण्याच्या कॉलेजाला एकदा कळवून टाक की, अशी कोणी बाई आमच्याकडे नाही म्हणून."

इंदिरानं कार्डं फळीवर ठेवली आणि ती पुन्हा बाटल्यांशी बसली. बोलायचं ते सगळं बोलून झालं होतं, आणि तेही कितीतरी वर्षांपूर्वी.

लग्नाआधी ती शालन गद्रे होती. भाताच्या खाचरात चिखलावर शेवाळाची जी पातळ खपली धरते, तिच्यावर तिनं पुण्यात चार वर्षं काम केलं. ती खपली उन्हाळाभर वाळून कागदासारखी होते, तरी तिच्यात जीव कसा टिकतो, कुठलं शेवाळ जमिनीला कस देतं आणि कुठलं पाण्यात विष सोडतं, हे तिनं शोधून लिहिलं. लेख बाहेरदेशी छापले गेले. मग लग्न झालं, मोघ्यांच्या घरात शालनची इंदिरा झाली, आणि पुढचे लेख इंदिरा मोघे या नावानं निघू लागले. वलवणच्या धरणाच्या पाण्यावर एक लेख, नळात साचणाऱ्या शेवाळावर एक, आंदर मावळातल्या डबक्यांचं पाणी पिऊन दगावणाऱ्या गुरांवर एक. सगळ्यांचं मूळ त्या खपलीतच होतं.

लग्नानंतरच्या पहिल्या लेखाच्या तळाशी तिनं एक ओळ घातली होती, की शालन गद्रे म्हणजेच प्रस्तुत लेखिका. दीनानाथरावांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, तो लेख घरी टंकलिखित करताना सहज ती ओळ आईला वाचून दाखवली. माणूस हायस्कुलात मास्तर, सरळ, बायकोच्या कामाचं कौतुक असलेला. पण सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"सप्तपदी झाली तेव्हा शालन संपली. संपलेल्या माणसाचं नाव पुन्हा छापून आणायचं? माझ्या मुलाच्या आयुष्यावर बेतलं म्हणजे?"

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी इंदिरानं ओळ काढली. एका ओळीसाठी घरात तंटा नको, तिला वाटलं. आणि मग आपल्याच कामाचा आधार द्यायची वेळ आली की ती लिहू लागली, 'गद्रे यांच्या मते'. 'गद्रे यांना असे आढळले'. परक्या माणसाबद्दल लिहावं तसं. पुढं पुढं तर हाताला तीच सवय लागली.

केंद्राच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा सत्तर साल सरत आलं होतं. ती जागा मिळाली तर स्वतःची प्रयोगशाळा, दोन मदतनीस आणि आंदर मावळात फिरायला जीप मिळणार होती. मोरीवर बाटल्या विसळणं थांबणार होतं. तिनं अर्ज केला, आणि भीतभीतच यजमानांना म्हणाली, "अहो, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं राजपत्रात छापून घ्यायला हवं. तुमची सही लागेल."

"करू की," दीनानाथराव म्हणाले. "आईचं चातुर्मासाचं उद्यापन होऊ दे. उगाच आत्ता नको."

उद्यापन झालं. मग केशवभाऊजींचं लग्न ठरलं, आणि मग त्या लग्नाच्या तयारीत विघ्न नको. राजपत्राचा कागद न जोडताच अर्जाची मुदत निघून गेली.

मुलाखतीला बोलावलं त्या पुण्याच्या कचेरीत टेबलापलीकडे तिघं गृहस्थ होते. मधले वयस्कर, शांत बोलणारे. त्यांच्यापुढे एक जाडजूड परदेशी सूची उघडी होती. कोणाच्या लेखाचा आधार जगात कोणी कोणी घेतला, हे त्या सूचीत नावानिशी छापलेलं असतं.

"मोघेबाई, तुमचं काम नेटकं आहे," ते म्हणाले. "पण तुमचा आधार बाहेर फारसा कोणी घेतलेला दिसत नाही. उलट तुम्हीच पानोपानी गद्रे, गद्रे करता."

"होय."

"म्हणजे पाया त्यांचा आणि भिंती तुमच्या. वाईट वाटून घेऊ नका. पण हे गद्रे पाहा. भातशेतीवाले त्यांना मानतात, धरणांचे इंजिनिअर मानतात, गुरांचे डॉक्टरही मानतात. एकाच माणसाचं काम तीन-तीन शास्त्रांत! असं क्वचित पाहायला मिळतं."

शेजारच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. "आणि अठ्ठावन्न सालानंतर एक ओळ नाही. बहुधा वारले असावेत बिचारे."

"वारल्या नाहीत," इंदिरा म्हणाली. "लग्न झालं त्यांचं."

"अस्सं! बाई होत्या का त्या? तुमच्या ओळखीच्या?"

"मीच ती."

मग चष्मेवाले हसले. ते हसणं दुष्टपणाचं नव्हतं, गोंधळलेल्या माणसाचं होतं. मधले गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी अर्ज मागून पुढून चाळला.

"यात तसं कुठं म्हटलेलं नाही."

"नाही."

"राजपत्र? प्रतिज्ञापत्र? निदान एखाद्या लेखात तळटीप?"

"होती. मीच काढली."

"का हो?"

सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणून? तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"अर्जात नाही ते आम्हाला धरता येत नाही, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांनाही ते बोलणं जड गेलं असावं.

बाहेर पडल्यावर तिला रडू आलं नाही. नुसते पाय दुखत होते. आपल्याकडे मुलगी बोहल्यावर चढते तेव्हा तिच्या माथ्यावर अक्षता पडतात, मंगल वाद्यं वाजतात, आणि त्या गजरात एक माणूस मोडीत निघतं, त्याची नोंद कुठल्याच सूचीत होत नाही.

"कसं झालं?" रात्री जेवताना दीनानाथरावांनी विचारलं.

"गद्रेंना जागा मिळाली असती," ती म्हणाली आणि आमटी वाढली. दीनानाथरावांचा घास हातातच राहिला.

पुढच्या आठवड्यात ती आंदर मावळात गेली. एस.टी. जिथं संपते तिथून पुढं बरंच चालणं होतं. जुन्या ओळखीच्या सरूबाईच्या गोठ्याशेजारच्या डबक्यातून तिनं पाण्याच्या बाटल्या भरल्या. सरूबाईनं गूळपाणी दिलं आणि तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, "बाई, त्वांड असं का उतारलंया? घरी भांडान झालं का काय?"

का कोण जाणे, इंदिरानं तिला सगळं सांगितलं. सरूबाई ऐकत ऐकत म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"म्हंजी, काम केलं तुमी, आन् त्ये नावावर गेलं तुमच्याच, तरी तुमाला न्हाई मिळालं?"

"असंच झालं."

"मग ह्ये तर लयच झालं की ओ! ह्या म्हशीला म्या बाजारातनं आनली, तवा तिचं नाव चिंगी. म्या न्हाई बदाललं. बदालती तर हाकंला आली नसती, दूध चोरलं असतं. म्हशीला येवढं कळतं, आन् मानसाला न्हाई व्हय?"

इंदिराला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "अगं बया, रडू नगा," सरूबाई गडबडली, "म्या आपली गमतीनं बोलले."

केशवभाऊजींचं लग्न माघात लागलं. नवी मुलगी वासंती, तळेगावची, रसायनशास्त्र शिकलेली. तिचा पहिला लेख नुकताच छापायला स्वीकारला होता. तिन्हीसांजेला वरात दाराशी आली. माप ओलांडून झालं आणि लक्ष्मीपूजनाला सगळी माजघरात जमली. चांदीच्या ताटात तांदूळ पसरून घ्यायचे, आणि नवऱ्या मुलानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, अशी रीत.

"इंदिरे, ताट आण," सासूबाई म्हणाल्या. "केशव, राधिका लिहायचं बरं का. केशवाची राधिका."

इंदिरानं ताट आणलं. पण पाटासमोर ठेवायचं ते ठेवलं नाही. दोन्ही हातांत धरून उभीच राहिली.

"अगं, ठेव की. मुहूर्त टळतोय."

"आधी वासंतीला विचारू या, आई. तिला हवंय का नवं नाव?"

सासूबाईंचा चेहरा उतरला, मग तापला. "नव्या नवरीला काय विचारायचं? तुला विचारलं होतं का कोणी?"

"नाही," इंदिरा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, फक्त शीण होता. "म्हणून तर सांगते. माझं जे व्हायचं ते झालं. तुमच्याशी भांडत नाही मी, आई. तुम्ही रोज पहाटे विष्णुसहस्रनाम म्हणता. देवाची एवढी नावं. नवं मिळालं म्हणून त्यातलं जुनं एकतरी कोणी पुसलंय का?"

"देवाची गोष्ट वेगळी."

"देवाची शपथ घेऊन सांगते, या ताटात मी दुसऱ्या मुलीला पुसू देणार नाही."

"दीना, ऐकतोस ना ही काय बोलते?"

दीनानाथराव भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. "ऐकतोय," ते म्हणाले. "हिला हवी असलेली सही मी लांबवत गेलो, आई. हिची जागा माझ्यामुळे गेली. केशव, तू वासंतीला विचार."

केशवनं अंगठी चिमटीत फिरवली आणि शेजारी बघितलं. मुंडावळ्यांआडून बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"माझं नाव वासंती आहे. तेच राहू दे."

"मग राहू दे," केशव म्हणाला, आणि अंगठी पुन्हा बोटात सरकवली. इंदिरानं ताट पाटासमोर ठेवलं. तांदळावर एक रेघही नव्हती. त्यावर हळदकुंकू वाहून तशीच पूजा झाली.

सासूबाई उठून आत निघाल्या होत्या. पण साखर वाटण्याचा मान घरातल्या वडीलधारीचा, तो त्यांना टाळता येईना. वाटी घेऊन त्या ओटीवरच्या बायकांत गेल्या. पहिल्याच बाईनं हात पुढं करून हौसेनं विचारलं, "नाव काय ठेवलं हो सूनबाईचं?"

त्यांचा हात वाटीतच थांबला. त्यांनी एकवार माजघराकडे वळून पाहिलं. इंदिरा ताटातले तांदूळ गोळा करत होती, मान खाली घालून.

"ठेवलं नाही," सासूबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "होतं तेच आहे. वासंती. घ्या साखर."