दोनशे तीस फरशा

माईंनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि घराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले. चिरंजीवांची अपेक्षा होती, की आईने थेट शेवटचे पान उघडावे. घर माईंच्या नावावर होते आणि ते तारण ठेवल्यावाचून बँक बारा लाखांच्या कर्जातला एक छदामही देणार नव्हती.

"आई, मी सगळं तपासलंय. तू फक्त सही कर. ठेकेदार पाऊण तास खोळंबलेत."

"खोळंबू देत. खोळंबण्याचेही पैसे यात कुठेतरी लावले असतीलच."

सोफ्याच्या कडेला टेकलेला ठेकेदार कसनुसा हसला. "मावशी, दर अगदी घरच्यासारखे लावलेत."

"मी तुमची मावशी नव्हे. आणि घरची माणसं दर लावत नाहीत."

सूनबाईंनी चहाचा कप माईंपुढे ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा आदळला. माईंनी तिकडे पाहिलेही नाही. न्हाणीघराचे गळके नळ बदलणे ठीक होते. बाल्कनीला सरकत्या काचा आणि आत घडीचा पलंग, इथे त्या थबकल्या.

"घडीचा पलंग कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी," सूनबाई म्हणाल्या.

"लग्नानंतरच्या सहा वर्षांत कुठल्या पाहुण्याला पाणी विचारलंत?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी पान उलटले. 'स्वयंपाकघर : फूटभराच्या फरशा, नग दोनशे तीस.' माईंचे बोट त्या ओळीवर रुतून बसले. एकतीस वर्षांपूर्वी याच जमिनीच्या फूटभराच्या फरशा त्यांनी गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून बसवून घेतल्या होत्या. गवंडी हातचलाख होता, म्हणून एकेक फरशी मोजून त्याच्या हाती दिली होती. स्वयंपाकघर बारा बाय दहा. फरशा एकशे वीस.

"वरच्या एकशे दहा कुठे जाणार?"

"तुटफूट धरावी लागते," ठेकेदार म्हणाला.

"तुटफूट खालच्या ओळीत वेगळी धरली आहे."

ठेकेदाराने चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीवांनी मोबाइलमध्ये डोके खुपसले. माईंना आता कागदाची गरज उरली नव्हती. अकरा बाय दहा, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली त्यांची स्वतःची खोली. यादीत 'भिंत पाडणे, एक' असे होते. त्यांच्या खोलीचे नाव मात्र कुठेच नव्हते.

"म्हणजे माझ्या खोलीवर तुमचा ओटा येणार आणि मी घडीच्या पलंगावर."

"आम्ही सांगणारच होतो, आई."

"कधी? भिंत पडल्यावर?"

"बाल्कनीत उजेड आहे, वारा आहे," सूनबाई म्हणाल्या. "खोलीत कोंडतं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"उजेड आहे? छान." माई ठेकेदाराकडे वळल्या. "टेप आणलाय ना? या दोघांचा पलंग मोजा, मग बाल्कनी मोजा."

ठेकेदार घुटमळला, पण सही कुणाची लागणार, एवढे त्याला कळत होते. तो मोजून परत आला. "बसतो. पण बसवला, की दार उघडत नाही."

"बिघडलं कुठे? उजेड आहे, वारा आहे."

"आई, पुरे कर!" चिरंजीव ओरडले.

"ओरडू नकोस. ओरडून सही मिळत नसते."

माईंनी ठेकेदाराच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि न्हाणीघर सोडून सगळ्या ओळींवर काट मारली. "एवढं करा. पैसे माझ्या ठेवीतून देईन. ओटा, कपाटं, काचा हव्या तर या दोघांच्या पगारातून, आणि भिंत आहे तिथेच ठेवून. घर तारण जाणार नाही."

"मग आम्ही वेगळं घर बघतो," सूनबाई म्हणाल्या. ही धमकी वर्षातून दोनदा ठरलेली असे; आज मात्र चिरंजीवांनी मान हलवून तिला दुजोरा दिला.

माईंनी ते पाहिले. पेन्सिल ठेकेदाराला परत केली.

"जरूर बघा. घेताना फरशा मोजून घ्या."

ठेकेदार कागद गुंडाळून निघून गेला. माईंनी साय धरलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कप स्वतः विसळला आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. एकतीस वर्षांत ती कडी कधी लागलीच नव्हती. गंजली होती, दोनदा ठोकावी लागली.