नेमेसियाने बेट कापलं

नेमेसिया सरोवरातला तोतोरा, म्हणजे उंच लव्हाळा, कापून परतली तेव्हा काठावरच्या पुनो शहराहून आलेली लाँच बेटाला लागलेली होती. त्यात नवं काही नव्हतं. तोतोऱ्याचं हे तरंगतं बेट दाखवायला रोज लाँच यायची, अर्धा तास थांबायची, पाहुणे फोटो काढायचे आणि बेटावरच्या बायका काठावर उभ्या राहून निरोपाचं गाणं म्हणायच्या. पण आज पाहुणे तिच्या झोपडीच्या दारात दाटीवाटीने उभे होते.

झोपडीत तिची आई, असुंता, आठ दिवस तापाने पडून होती.

नेमेसिया ओल्या पायांनीच आत घुसली. गाइड रामिरोने म्हातारीच्या अंगावरचं पांघरूण कोपऱ्याला धरून उचललं होतं आणि खालचं तोतोऱ्याचं अंथरूण तो लोकांना दाखवत होता. म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. कुणीतरी फोटो काढला.

"पांघरूण खाली ठेव," नेमेसिया म्हणाली.

"दोनच मिनिटं, सेन्योरा. ही माणसं लांबून आलीत."

"मीही लांबूनच आलेय, भारा घेऊन. ठेव खाली आणि बाहेर हो."

रामिरो हसला. तिने पांघरूण त्याच्या हातातून काढून घेतलं, आईला पांघरलं आणि सगळे बाहेर जाईपर्यंत तिथून हलली नाही. त्या दिवशी निरोपाच्या गाण्याला ती गेली नाही.

दुपारी मेलितोन आला. तिच्या धाकट्या बहिणीचा, डेल्फिनाचा नवरा. बेटाचा अध्यक्षही तोच.

"ताई, काय करून बसलात? रामिरो म्हणतो, लाँच दुसऱ्या बेटाला नेईन."

"नेऊ दे."

"पाच घरं चालतात त्या लाँचवर. उद्या तो आला की माफी मागा. दोन शब्द बोलायचे, विषय संपला."

"आईची मागितली का त्याने?"

"तो बाहेरचा माणूस."

"आणि तू कुठला? सासूचं पांघरूण ओढलं तेव्हा तू काठावर उभा राहून पाहुण्यांना हात देत होतास."

मेलितोनने मान फिरवली. "बेटावर राहायचं तर बेटाचं ऐकावं लागेल."

"मग नाही राहत."

त्याला वाटलं, ही आता पुनोला मुलाकडे जाईल. ती झोपडीमागे गेली आणि दोन मुठींची लांब करवत ओढत घेऊन आली. तिचा अर्थ इथं सगळ्यांना ठाऊक होता. पटेनासं झालं की आपल्या वाट्याचं बेट कापून न्यायचं. पण एकट्या बाईला कापताना कुणी पाहिलं नव्हतं.

तिने वरचा तोतोरा बाजूला सारला आणि खालच्या मुळांच्या थरात करवत घातली. एकटीच्या हाताने ती सरळ चालेना, सारखी वाकायची. तासाभरात जेमतेम हातभर कापलं गेलं आणि तळव्यांना फोड आले.

"असं आठवडाभर कापत बसाल," मेलितोन म्हणाला.

"बसेन. मला कुठं लाँच गाठायचीय?"

तेवढ्यात डेल्फिना घागऱ्याला हात पुसत चुलीपासून आली आणि तिने करवतीची दुसरी मूठ धरली.

"डेल्फिना, तू माझी बायको आहेस," मेलितोन दबक्या आवाजात म्हणाला.

"आहेच. तिची मुलगीपण आहे." तिने हनुवटीने झोपडीकडे खूण केली. "चुलीवर मासे ठेवलेत, तेवढे उतरव."

दोघी ओढत राहिल्या. उन्हं कलली तेव्हा फटीतून काळं पाणी दिसू लागलं. मग त्यांनी बेट जागेवर धरून ठेवणारे निलगिरीचे खुंट उपटले, सुटा तुकडा डेल्फिनाच्या होडीला बांधला आणि लांब काठीने रेटा दिला. झोपडी, चूल, वाळत घातलेले कपडे, सगळं हळूहळू बेटापासून दूर सरकलं.

"निघालो का गं?" आतून असुंताने विचारलं.

"निघालो."

"मग मला बाहेर बसवा. बघू दे."

वाऱ्याच्या आडोशाला, तोतोऱ्याच्या दाट रांगेजवळ त्यांनी खुंट ठोकले. डेल्फिना होडी घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवशी लाँच जवळून जाताना रामिरोने वेग कमी करायला लावला.

"थांबू का, सेन्योरा?"

"नको," नेमेसिया म्हणाली. लाँच पुढे गेली.

आठवड्याने मेलितोन एकटाच होडी वल्हवत आला. उतरला नाही, तिथूनच म्हणाला, "आता घरात कुणालाही सोडायचं नाही, असं रामिरोला बजावलंय. ताई, परत चला. दोन्ही तुकडे बांधून टाकू."

नेमेसियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोलणं खरं असावं, असं तिला वाटलं.

"बरं केलंस. पण मी येत नाही," ती म्हणाली. "आईला इथलं ऊन मानवलंय. तू ये रविवारी, डेल्फिनाला घेऊन जेवायला."