सत्त्याऐंशीवं पान

संगणक दुरुस्तीच्या त्या दुकानात भिंतीवर एक पाटी आहे: आधी प्रत, मग हात. मालकाने ती स्वतः रंगवली आहे. मशीन कुणाचंही असो, त्यातल्या सगळ्या माहितीची प्रत काढून बाजूला ठेवायची आणि मगच कामाला लागायचं. एकवीस वर्षांत हा नियम त्याने एकदाच मोडला, तोही सख्ख्या बहिणीच्या मशीनवर.

ताई मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास आली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला होता.

"धाकट्या, हे रोज धमकी देतंय."

पडद्यावर चौकट होती. ही प्रणाली जुनी झाली आहे, पुढच्या महिन्यापासून तिला संरक्षण मिळणार नाही. नवी प्रणाली घ्यावी, मात्र हे मशीन तिच्या सुरक्षेच्या अटींत बसत नाही.

"नव्या प्रणालीला दारावर पहारेकरी लागतो," तो म्हणाला. "सुरक्षेची चिप. तुझ्या मशीनमध्ये आहे, पण मागच्या पिढीची."

"म्हातारी झाली म्हणून बाहेर काढायची? तुला काढलं का कुणी?"

"घरात रोज विषय निघतो."

ताई हसली. मग टॉवेलाची घडी घालत तिने विचारलं, "पानं नीट राहतील ना?"

पानं म्हणजे भाऊजींनी लिहिलेली. भाऊजी कुलूपवाले होते. अर्ध्या शहराच्या तिजोऱ्यांना त्यांचा हात लागलेला. शेवटच्या आजारपणात सहा महिने उशीला टेकून ते दोन बोटांनी टाइप करत राहिले. लग्नाच्या आधीपासूनचं सगळं, दोनशे चौदा पानं. "रोज एकच वाच," त्यांनी ताईला बजावलं होतं, "म्हणजे तेवढे दिवस मी तुला पुरेन." छापून द्यायला मात्र ते तयार झाले नाहीत. छापलं तर ही एका बैठकीत संपवेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ताई रोज सकाळी चहाबरोबर एक पान वाचत होती. त्या सकाळी सत्त्याऐंशीवं झालं होतं.

"नवीन मशीन घेऊ, त्यात टाकून देतो," तो म्हणाला.

"नको. त्यांची बोटं यावर फिरलीत. याचंच काय ते कर. आणि उघडून बघू नकोस, ते माझं आहे."

"तुझ्या नवऱ्याची प्रेमपत्रं वाचायला मला सवड नाही, ताई."

प्रत काढणं म्हणजे वाचणं नव्हे, हे त्याला माहीत होतं. पण चिप तपासायला मशीन बंद करून पुन्हा चालू केलं होतं, आता प्रतीसाठी तिच्याकडे पासवर्ड मागावा लागला असता. ती समोर बसली होती, आणि नुकतीच नको म्हणाली होती. त्याने मागितला नाही.

चिप नव्या पिढीची करता येत होती, पण आधी ती पुसावी लागते. मशीनने विचारलं: चिपमधल्या किल्ल्या नष्ट होतील, पुढे जायचं? अशा दोनशेएक मशीनवर त्याने या प्रश्नाला हो म्हटलं होतं. या गल्लीतली माणसं डिस्कला कुलूप घालत नाहीत, त्यांच्या चिपमध्ये पुसण्यासारखं काही नसतं. ताई भाच्याच्या परीक्षेबद्दल विचारत होती. तिला उत्तर देता देता त्याने हो दाबलं.

मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा पडदा निळा होता. डिस्क उघडण्यासाठी अठ्ठेचाळीस आकडे टाका, असं त्यावर लिहिलं होतं.

भाऊजींनी डिस्कला कुलूप घातलं होतं. किल्ली चिपमध्ये होती, म्हणून रोज ते आपोआप उघडत होतं आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं. ती किल्ली त्याने आत्ताच पुसली होती.

"काय झालं?" ताईने विचारलं. मग तिनेच त्याला वाट करून दिली. "जुनं होतं. दगावलं असेल."

हो म्हणणं सोपं होतं. त्याने खुर्ची वळवली.

"मशीन चांगलं आहे. चूक माझी आहे. मी किल्ली पुसली. एक लांब आकडा सापडला तरच उघडेल."

दुकान बंद करून दोघं ताईच्या घरी गेले. भाऊजींचा हत्यारांचा डबा, औषधांच्या फायली, खुंटीवरच्या पिशव्या, कपाटातल्या कागदाखालचा कागद, सगळं त्यांनी उलटंपालटं केलं. चिठ्ठ्या लावलेल्या चाळीस किल्ल्या निघाल्या. आकडा एकही निघाला नाही. संध्याकाळी पाच वाजता ताई पलंगाच्या कडेला बसली.

"नाही सापडायचा. तिजोरी सोपवली की आकड्याचा कागद ते गिऱ्हाइकासमोर जाळायचे. घरात आकडा ठेवला तर कुलूपवाला कसला, म्हणायचे." तिने एक किल्ली उचलून पाहिली. "माझ्यासमोरही एक कागद जाळला होता. मी विचारलं, काय आहे? म्हणाले, तुला लागणार नाही, ते आपलं आपण उघडतं."

तो तिच्या शेजारी बसला. मग विचारलं, "कुठवर आली होतीस?"

"आपल्या घरचं कपाट उघडायला आले होते ना पहिल्यांदा, तो दिवस. पानाच्या शेवटी लिहिलंय, तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि. तिथेच पान संपतं."

"मी होतो तेव्हा," तो घाईने म्हणाला. "मी दारात उभा होतो. पेला पडला. मग ते..."

"मलाही ठाऊक आहे, धाकट्या. पेला माझ्याच हातातून पडला." ती किल्ल्या एकेक करून डब्यात ठेवत होती. "काय झालं ते मला वाचायचं नव्हतं. ते कसं सांगतात, ते वाचायचं होतं."

तो निघाला तेव्हा तिने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आपल्याकडे ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला, तर चहाचा कप टेबलावर होता आणि मशीन उघडं होतं. पडदा निळा होता. ताई चष्मा लावून समोर बसली होती.

"बस," ती म्हणाली. "माझा चहा व्हायचाय."