चार आण्यांची जागा

मित्रांनो, माझी लांबी तेहतीस फूट. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. आता तुम्हाला वाटेल, हा कुणी अजगर बोलतोय की काय! नाही हो. मी जमीन मोजायची साखळी आहे, नाशिकची, वयानं ऐंशीच्या पुढची. आणि आधीच सांगून ठेवते, मी थोडी गर्विष्ठ आहे. जिच्या एका मापावर दोन भाऊ बांधाचं भांडण सोडून देत, तिनं गर्व का करू नये?

माझ्या कड्या तांबट आळीजवळच्या एका लोहारानं ठोकल्या आणि टोकांच्या दोन पितळी मुठी तांबटानं ओतल्या. मग माझे सोळा सारखे भाग पाडले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी पितळेचा एकेक बिल्ला लटकवला. अशा एका भागाला म्हणतात आणा. तुमच्या पणजोबांच्या खिशात खुळखुळायचे ते आणे वेगळे. सोळा आण्यांचा रुपया होई, तशी सोळा आण्यांची साखळी होई, म्हणून मोजणीवाल्यांनी तेच नाव उचललं. माझा एक आणा म्हणजे दोन फुटांहून चिमूटभर जास्त. जमिनीवर माझ्या लांबीचा चौकोन आखला की आत जी जागा येते, तिला गुंठा म्हणतात. हा शब्द तुम्ही घरी ऐकलाच असेल, गंगापूर रोडला राहत असाल तर जरा जास्तच. तो गुंठा माझ्या पोटचा आहे. आणि एखादी गोष्ट पुरती खरी असली की लोक 'सोळा आणे खरं' म्हणतात ना, ते सगळ्यांना रुपयाचं कौतुक वाटतं. मी मात्र ते खुशाल माझ्या नावावर जमा करते.

माझं तरुणपण पुंजाराम मोजणीदारांच्या हाताखाली गेलं. माणूस फार कडक. काम संपलं की तेलाच्या फडक्यानं मला पुसायचे. दर सोमवारी मोजणी ऑफिसच्या ओट्यावरच्या दोन खुणांमध्ये मला आडवी टाकून बघायचे, की मी ताणून लांब तर झाले नाही ना. साखळी लांबली की ती खोटं माप देते आणि खोट्या मापानं माणसं कोर्टात जातात, असं ते शिपायांना बजावायचे. मी कधी लांबले नाही. शेतं मोजली, मळे मोजले, वणीच्या वाटेवरच्या धर्मशाळेचं अंगण मोजलं. पण माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम एका गल्लीत झालं.

तिचं नाव हौदगल्ली. आपल्या जुन्या बाजारपेठेच्या मधोमध ती आहे. तिथं भल्या सकाळी मखमलाबाद, आडगाव अशा गावांतल्या बायका पाट्या भरून गुलाब, झेंडू, शेवंती घेऊन येत आणि बंद दुकानांसमोर बसत. साडेदहाला दुकानांची दारं उघडली की त्या पाट्या आवरून घरी जात. एके वर्षी टांग्यांवरून मोठी भांडणं झाली. टांगा जायला वाट मिळेना, फुलं चाकाखाली येऊ लागली. शेवटी पुंजारामांना बोलावलं. त्यांनी मला या पायरीपासून त्या पायरीपर्यंत गल्लीत आडवं टाकलं, आणि काय सांगू, गल्लीची रुंदी बरोबर माझ्याएवढी भरली! ते म्हणाले, "या अंगाला चार आणे फुलवाल्यांना, त्या अंगाला चार आणे फुलवाल्यांना, मधले आठ आणे टांग्यांना. पटतंय?" दुकानदारांना पटलं, बायकांना पटलं. चौथ्या बिल्ल्याखाली दोन्हीकडे काळ्या दगडांची ओळ बसवली. पुंजारामांनी नकाशावर बारीक सुबक अक्षरात लिहिलं, 'फुलवाल्या, दोन्ही अंगांस ४ आणे.'

पुढं नवे पैसे आले, पाठोपाठ मीटर आला, आणि आमचे आणे दोन्हीकडून गेले. मी कपाटात पडले. मग कुणीतरी मला ऑफिसच्या फाटकाला कुलूप घालून बांधलं. विचार करा, जिनं निम्मा तालुका मोजला, ती फाटक राखत होती! शेवटी भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. तेव्हा सोमनाथ नावाच्या मोजणीदारानं मला खाली उतरवलं. जुने नकाशे आण्यांत वाचू शकणारा त्या ऑफिसातला तो शेवटचा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यानं मला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये नेलं. त्याच्या बायकोनं, आशाताईंनी, बाल्कनीत माझ्यावर मनीप्लांट चढवला. रागावले होते मी, पण करता काय.

आणि आता आताची गोष्ट ऐका. जुन्या बाजारपेठेचा नव्यानं विकास करायचं ठरलं. रस्ते, दिवे, पार्किंग, बसायचे बाक, सगळं नवं. आराखडा करायचं काम एका कंपनीला मिळालं. कंपनीतली भाग्यश्री नावाची मुलगी हौदगल्लीचं काम बघत होती. सटाण्याची, हुशार, मान मोडून काम करणारी. तिनं गल्लीवर ड्रोन उडवला. तो उडवला दुपारी बाराला, कारण ऑफिस उघडणार दहाला आणि परवानगीचे कागद होणार अकराला. बाराला गल्लीत एकही फुलवाली नव्हती. ती कामचुकार नव्हती, म्हणून जुना नकाशाही तिनं काढून बघितला. त्यावर 'फुलवाल्या, दोन्ही अंगांस ४ आणे' असं दिसलं. तिनं ते भाडं धरलं आणि अहवालात लिहिलं, 'पूर्वी येथे फुलवाल्यांकडून चार आणे शुल्क घेतले जाई. सध्या विक्रेते आढळले नाहीत.' मग दगडांच्या ओळीच्या आतली दोन्ही अंगांची पट्टी रिकामी समजून तिथं दुचाकींचं पार्किंग आखलं, आणि कडेला पक्के लोखंडी खांब.

नकाशा लोकांना बघायला पालिकेच्या हॉलमध्ये लावला. महिनाभरात हरकती घ्यायच्या होत्या. सोमनाथ रोज सकाळी नवसाबाईंकडून पूजेची फुलं घ्यायचा. नवसाबाई मखमलाबादच्या, साठीच्या आसपास. त्यांची सासू ज्या जागेवर बसायची, तिथंच त्या बसतात. त्या दिवशी त्यांनी फुलं दिली, पण पाटी काही खाली ठेवली नाही.

"साहेब, तुम्ही नकाशेवाले ना? मंग त्या नकाशात आम्ही नाय ते कसं?"

"नसाल कशा? नीट बघितलंत का?"

"माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. आमच्या जागंवर मोटारसायकली काढल्यात. लय भारी काढल्यात. पण आम्ही अडतीस बाया कुठं जायचं? पहाटं तोडलेला गुलाब दुपारपर्यंत थांबत नाय, आन् गिऱ्हाईक ह्या गल्लीबिगर दुसरीकडं येत नाय."

सोमनाथ तडक हॉलमध्ये गेला. अहवालातली ती ओळ वाचून तो इतक्या मोठ्यानं हसला, की पहारेकरी धावत आला. मग त्याला हसू येईना. एका शब्दापायी अडतीस घरांची सकाळ जाणार होती.

त्यानं हरकत नोंदवली. सुनावणीला हरकती ऐकणाऱ्या समितीच्या प्रमुख छाया मॅडम होत्या, भाग्यश्री होती, आणि व्यापाऱ्यांच्या वतीनं कुंदनशेठ होते. कापडाचं दुकान, तिसरी पिढी.

"काका," भाग्यश्री नम्रपणे म्हणाली, "नकाशावर चार आणे स्वच्छ लिहिलंय. ते भाडंच असणार ना? जागेचा उल्लेख कुठं आहे?"

"ताई, हा आणा खिशातला नव्हे, साखळीतला. जागेचाच उल्लेख आहे तो. सव्वाआठ फूट!"

कुंदनशेठ म्हणाले, "बोलायला काय, कुणीही काहीही बोलेल. ती साखळी कुठंय? माझं गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून मॉलमध्ये जातं. मी काय करू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. छाया मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी सात वाजता गल्लीतच भेटू. साखळी असेल तर घेऊन या."

त्या संध्याकाळी मनीप्लांट उतरला. आशाताईंनी शिवणयंत्राचं तेल लावून माझी एकेक कडी पुसली, आणि कितीतरी वर्षांनी माझं अंग सळसळलं.

सकाळी सातला भाग्यश्री हौदगल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथंच थबकली. पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्हीकडं फुलांच्या पाट्या, गजऱ्यांचे ढीग, ओल्या फडक्यांखाली झाकलेले गुलाब, आणि भाव करणारी निम्मी बाजारपेठ. तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं. तोंडातल्या तोंडात ती तिच्या घरच्या अहिराणीत बोलली, "मनी चूक व्हयनी." म्हणजे, माझी चूक झाली. मी जवळच पिशवीत होते, म्हणून मला ऐकू आलं. मला ती मुलगी तेव्हाच आवडली.

सोमनाथनं माझी मूठ कुंदनशेठच्या ओट्याच्या कडेला टेकवली आणि मला दगडांच्या ओळीकडं सोडलं. सगळे वाकून बघू लागले. पहिला बिल्ला, दुसरा, तिसरा. चौथा बिल्ला दगडाच्या पुढं गेला. थोडाथोडका नाही, चांगला दीड फूट. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "जुनाट साखळी. ढिली झाली असंल."

मित्रांनो, तो एक क्षण मी कधी विसरणार नाही. फाटकाला बांधलं तेव्हा मला राग आला होता, पण लाज वाटली नव्हती. आता वाटली. खरंच लांबले असेन का मी? इतक्या वर्षांत मला खुणांमध्ये टाकून बघितलं तरी कुणी होतं? नवसाबाईंनी हातातला गजरा खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"थांबा," भाग्यश्री म्हणाली. "आधी साखळीच मोजू." तिनं बॅगेतून लेझरचं छोटं यंत्र काढलं. खरं तर मी खोटी ठरले असते, तर तिचा आराखडा जसाच्या तसा राहिला असता. पण तिनं मला नीट ताणून धरायला लावलं आणि दोनदा मोजलं. "तेहतीस फूट," ती मोठ्यानं म्हणाली. "साखळी बरोबर आहे."

सोळा आणे बरोबर! मला तर ओरडून सांगावंसं वाटलं. पण मग चूक कुणाची? कुंदनशेठ आपल्या ओट्याकडं बघत उभे होते. त्यांना बोलायची काही गरज नव्हती, कुणी विचारलंही नव्हतं.

"साखळी खरी आहे," ते शेवटी म्हणाले. "ओटा खोटा आहे. वडिलांनी तो दीड फूट पुढं घेतला, मी तेव्हा शाळेत होतो. मूळची पायरी फरशीच्या आत आहे. या, दाखवतो."

ओट्याच्या बाजूला, गटाराच्या अंगानं, जुन्या पायरीचा घडीव दगड अजून दिसत होता. तिथून मला पुन्हा सोडलं. चौथा बिल्ला काळ्या दगडावर आपटला आणि टक् असा आवाज झाला. बायकांनी जो गलका केला, तो ऐकून कोपऱ्यावरचा चहावाला किटली घेऊन पळत आला. समोरच्या अंगाला मोजलं, तिथंही चौथा बिल्ला दगडावरच. पुंजाराम असते तर म्हणाले असते, यात काय विशेष? पण त्यांच्या मिशीला पीळ बसला असता एवढं नक्की.

तिथंच, पाट्यांच्या मध्ये उभं राहून, भाग्यश्रीनं आराखडा बदलायला घेतला. दोन्ही अंगांचे चार आणे साडेदहापर्यंत फुलांचे, त्यानंतर दुचाकींचे. खांब पक्के न रोवता काढता-घालता येतील असे. कुंदनशेठना गाड्या लावायला जागा मिळाली, फक्त ओटा दीड फूट मागं घ्यायचं त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं. आराखड्याला वरची मंजुरी अजून यायची आहे, ते मी लपवत नाही. पण छाया मॅडमनी त्याच दिवशी सही केली, आणि अहवालातली ती ओळ भाग्यश्रीनं स्वतःच्या हातानं खोडली.

मग अडतीसजणींच्या जागा एकेक करून नकाशावर घ्यायच्या ठरल्या. माझ्या कामाला दोन माणसं लागतात, एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक. सोमनाथनं एक मूठ घेतली आणि दुसरी नवसाबाईंपुढं धरली.

"मी? माझे हात ओले हायेत, साहेब."

"असू देत. धरा आणि ओढा."

त्यांनी अशी ओढली, की सोमनाथ दोन पावलं पुढं फरपटला. "आवो, नीट धरा की!" नवसाबाई म्हणाल्या आणि सगळी गल्ली हसली. ऐंशी वर्षांत माझी टोकं शिपायांनी धरली, मोजणीदारांनी धरली, एकदा तर गोऱ्या साहेबानंही धरलं होतं. पण जिची जागा मोजायची, तिनं माझं टोक धरलं ते त्या सकाळी पहिल्यांदा. तिच्या मुठीत मी जेवढी सरळ ताणले गेले, तेवढी कधीच ताणले गेले नव्हते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी रस्ते आखेल, कुणी बाजार, कुणी अख्खं शहर. नवी यंत्रं जरूर वापरा, त्या लेझरनं माझी अब्रू राखली आहे. जुना शब्द अडला तर एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, आम्ही काही चावत नाही. जागा मोजायला जाल ते तिथली माणसं कामाला बसतात त्या वेळेला जा. आणि मोजताना एक टोक तुमच्या हातात असू द्या, दुसरं तिथं बसणाऱ्या बाईच्या हातात द्या.