जोडीणीच्या हातून घेतलेली तलवार

त्या वसंतात जपानातल्या दान-नो-उराच्या किनाऱ्यावर मासे हवे तेवढे होते, पण तोंडात घालायला कोणी धजत नव्हतं. लढाईत अख्खं तायरा घराणं त्या पाण्यात बुडालेलं. मासा चिरायला घेतला तरी बायांचा हात अडायचा.

सुगा बुडी मारणारी बाई. तळाचे शिंपले काढण्यात तिचा जन्म गेलेला. नवरा योसाकु होडीत बसून तिच्या कमरेची दोरी धरायचा, खालून हिसका आला की वर ओढायचा. पण आता शिंपल्यांचं नाव कोण घेतंय? राजधानीहून कियोनारी नावाचे सरदार येऊन बसले होते. राजपदाच्या तीन वस्तू. त्यातला आरसा वाचला, मण्याची पेटी तरंगत आली, आणि तलवार गेली तळाला, तायरांच्या बाळराजाबरोबर. ती काढा, तोवर एकही होडी मासेमारीला जाणार नाही, असा सरदारांचा हुकूम. गार पाण्यात बाया आजारी पडल्या, काही वर आल्याच नाहीत. आज सुगाला तलवार मिळाली नाही तर उद्या तिची पोरगी हिसा उतरणार होती. आणि हिसाची छाती लहानपणापासून कच्ची. चढण चढताना धाप लागायची तिला. ती उतरली असती तर परत आली नसती, हे आईला पक्कं ठाऊक.

उतरण्याआधी सरदारांनी बजावलं होतं. तलवार लागली की मान खाली, दोन्ही हात पुढे. तिच्याकडे पाठ केली तर घरादारासकट जाळीन. आणि बघायची तर मुळीच नाही, राजासुद्धा बघत नाही.

योसाकु दोरी बांधता बांधता पुटपुटला, "बघायची नाही, पाठ करायची नाही. मग शोधायची कशी गं, वासावर?"

"तू झोपू नकोस म्हणजे झालं," सुगा म्हणाली, आणि दगड धरून खाली गेली.

खाली गढूळ हिरवं. शेवाळात एक चिलखत उभं होतं, आत कोणी नसताना. त्याच्यापलीकडून एक बाई येत होती. सुगाचाच पांढरा फडका डोक्याला, तिचीच पाय मारायची पद्धत, डाव्या भुवईवर तिचाच वण. फक्त फडक्यावर काळ्या दोऱ्याची चांदणी नव्हती. बुडी मारणारी कुठलीही बाई राखणीची ती चांदणी फडक्यावर भरल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही.

सुगा ओळखून चुकली. ही जोडीण. आपलंच रूप घेऊन येते, काहीतरी देऊ करते. समोरून घेतलं की गेलीच बाई, तिच्यामागे खोल पाण्यात. घ्यायचंच तर पाठ फिरवून, हात मागे करून घ्यायचं. सुगाच्या आईनं तिला पोहण्याआधी हे शिकवलं होतं.

जोडीणीनं दोन्ही हात पुढे केले. त्यांत शेवाळात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. आणि ती हसत होती.

समोरून घ्यावं तर हिसाला आई नाही. पाठ करावी तर घर जळणार. पण सरदार वर होडीत होते आणि जोडीण हाताच्या अंतरावर. सुगानं पाठ फिरवली आणि हात मागे धरले.

हातावर वजन आलं, बर्फागत गार. तिनं मुठी आवळल्या. मग त्या वजनानं, लहान पोरानं धरावं तसं, हळूच तिचं बोट धरलं.

तिनं पायानं दोरीला हिसका दिला.

पाण्यावर डोकं येताच ती ओरडली, "मिळाली!" तो शब्द ऐकला आणि सरदारांनी कपाळ फळीला टेकवलं. नावाडीही पालथे झाले. योसाकुनं डोळे मिटूनच बायकोला होडीत ओढलं. ती पाठमोरी चढली हे कोणी पाहिलंच नाही. सरदारांनी डोळे मिटून रेशमी कापड पसरलं, चाचपत ते गुंडाळायला घेतलं. सुगाला मात्र आपलं बोट सोडवावं लागलं. सुटता सुटेना. पेटीत ठेवलं, झाकण लावलं, दोरी बांधली. सरदारांचा हात झाकणावरच थांबला.

"बाई," त्यांचा आवाज खाली आला होता, "तू पाहिलीस?"

"नाही सरकार. बघायची नसते ना."

सरदारांनी डोळे उघडले. तोंड राखेसारखं झालेलं. पेटीकडे बघितलं, मग सुगाकडे, मग पाण्याकडे. पेटी उघडणारा माणूस या राज्यात जन्मला नव्हता, आणि तो आपण व्हावं अशी त्यांची इच्छा दिसेना.

"नसते," ते म्हणाले. "तलवार मिळाली. उद्यापासून कोणी उतरायचं नाही. होड्या सोडा."

किनाऱ्यावर हिसा धावत आली आणि आईच्या ओल्या अंगाला बिलगली. सुगानं तिला कवटाळलं, पण ते बोट तेवढं पोरीच्या पाठीपासून दूर ठेवलं.

वरच्या पायवाटेवर पेटी उचलणारे भोई मध्येच थबकले. त्यातला एक म्हणाला की आत काहीतरी हलतंय.

"चला," सरदारांचा आवाज खालपर्यंत आला. "आणि गा काहीतरी. मोठ्यानं गा."

भोई गायला लागले. डोंगराआड गेले तरी गाणं ऐकू येत होतं. सूर कुणाचाच लागत नव्हता, पण थांबत कोणी नव्हतं.