माझ्या जागी काकडी

मी एक म्हातारा बैल आहे मित्रांनो, नाईलकाठच्या नुएर लोकांचा. माझी शिंगं इतकी ऐसपैस, की एकदा बगळ्यांचं अख्खं वऱ्हाड त्यांच्यावर बसून जेवलं. खोटं वाटतंय? वाटू दे. वऱ्हाड घाण करून गेलं, ती मात्र खरी.

तरणा होतो तेव्हा माझा मालक तुत माझ्यावर गाणी रचायचा, अंगाला राख चोळायचा. पुढं मी थकलो, गाणीही थकली. मग परमुलखातनं एक चष्मेवाला आला. माणसं देवाला कशी मानतात ते शिकायला आला होता म्हणे. शी. माझं शेण बोटांनी उसकटून बघायचा आणि त्याच बोटांनी लापशी चाटायचा.

त्या वर्षी तुतची लेक तापानं फणफणली. अशा वेळी आमच्याकडे देवाला बैल देतात. बैल द्यायचं जिवावर आलं तर रानकाकडी आणायची, तिलाच बैल म्हणायचं आणि भाल्यानं चिरायची. देव मानून घेतो. तुतनं काकडी आणली.

"पण ही तर काकडी आहे," चष्मेवाला म्हणाला.

"बैल आहे."

"देवाला कळत नसेल?"

सकाळपासून हेच चाललेलं. शेवटी तुतचं मन डळमळलं. त्यानं लेकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि भाला उचलला. मला त्या चष्म्याची अशी किळस आली, की रवंथ केलेलं सगळं त्याच्या पायावर ओकावंसं वाटलं.

तेवढ्यात तुतची आई न्याचुओल आली. तिनं काकडीला दावं बांधलं.

"शिकायला आलायस ना लेकरा? मग बैल खुंट्यापाशी ने. लाजतोस काय, सासरी थोडाच चाललायस."

गडी हौशी. आम्ही करू ते सगळं त्याला करून बघायचं असे. दावं धरून निघाला. बाया हसून लोळल्या. वाटेत काकडी गवतात अडकली. त्यानं मागं वळून जीभ वाजवली, "च्यक्, चल रे."

हसू थांबलं.

"ऐकलंस तुत?" म्हातारी म्हणाली. "काकडीला कुणी चल म्हणतं का?"

तुतनं भाला काकडीवर मारला. लेक उठली ती दूध मागतच.

मी वाचलो, पण किळस काही गेली नाही. एवढ्या शिंगांच्या बैलाच्या जागी कापलेली काकडी, आतून किडकी निघाली.

तर मित्रांनो, प्रश्न खुशाल विचारा. फक्त आधी बघा, त्याच्याखाली कुणाची मान आलीय. आणि शेणातले हात धुवा.