जास्तीचं पाऊल

"पुन्हा एकदा ऐका," म्हणत बाईंनी चित्रपट तिसऱ्यांदा मागे नेला आणि पाऊलवाल्याने कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पडद्यावर पुन्हा तोच रिकामा हॉल. एक नर्तकी एकटीच सराव करते आहे. चार पावलं, एक गिरकी, दोन पावलं, आणि ती थांबते. ती जागच्या जागी उभी असते आणि तरीही आणखी एक पाऊल ऐकू येतं. धप्प. ते कुणाचं, या एका प्रश्नावर सगळा चित्रपट उभा आहे, असं बाई पाऊण तास सांगत होत्या. समोर बसलेली चित्रपट शिकणारी तीसेक मुलं माना डोलावत लिहून घेत होती.

ते पाऊल पाऊलवाल्याचं होतं. धंदाच त्याचा तो. चित्रपटात माणसं चालतात, पळतात, नाचतात, त्यांच्या पावलांचे आवाज नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, माईकसमोर कुणीतरी काढावे लागतात. एकतीस वर्षं तो हेच करत आला होता. फौजदार काय, सासवा काय, घोडेसुद्धा, सगळे याच्याच पायांनी चालले. पण आता पावलं संगणकात तयार मिळतात म्हणे. गेले आठ महिने त्याला एकही काम आलं नव्हतं, आणि घरी बसून माणूस पार कंटाळला होता.

अशात परवा याच चित्रपटाच्या दिग्दर्शकाचा फोन आला. नवा चित्रपट सुरू होतोय, मला तशीच पावलं हवीत, या वर्गाला मी येणारच आहे, तुम्हीही या, तिथेच ठरवून टाकू. एवढं ऐकून पाऊलवाल्याने स्वतः शर्टाला इस्त्री केली. मुलीने अर्धी रजा टाकली आणि त्याला घेऊन आली. आता बाप-लेक मागच्या ओळीत बसले होते आणि दिग्दर्शक पुढे, बाईंच्या शेजारी.

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली की शरीर थांबलंय, पण तिच्या आतली दुसरी ती थांबायला तयार नाही, ते पाऊल त्या दुसरीचं. बाई खूश झाल्या. एका मुलाला त्यात तिची मेलेली आई दिसली. आणखी एकाने तर ते पाऊल आपल्या सगळ्यांचं, म्हणजे प्रेक्षकांचंच आहे, असं सांगून टाकलं. पाऊलवाला ऐकतच राहिला. आपला उजवा गुडघा एवढा शिकलेला असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

कारण झालं होतं ते असं. त्या दिवशी सकाळपासून तो या एका प्रसंगासाठी नाचत होता. दुपारी शेवटच्या पावलावर थांबला आणि उजवा गुडघा दगा देऊन गेला. पडलाच असता, डावा पाय टेकून कसाबसा सावरला. माफ करा, पुन्हा घेऊ, असं तो म्हणेपर्यंत दिग्दर्शकाचे डोळे भरून आले होते. त्या आवाजाला कुणी हात लावू नका, म्हणाला. लोकांनी त्या पावलावर लेख लिहिले. इतक्या वर्षांत एकदाच पाऊल चुकलं, आणि नाव झालं ते त्या चुकीचं. हे त्याला फार लागलं होतं, पण बोलणार कुणाजवळ? गुडघ्याचं तर तो घरातसुद्धा "काही नाही" म्हणून उडवून लावायचा.

बाईंनी मागच्या ओळीकडे बघत पाऊलवाल्याला विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं नाही मॅडम. गुडघा गेला होता. पडता पडता सावरलो."

वर्ग खदखदून हसला, टाळ्याही पडल्या. केवढा साधेपणा, असं बाई म्हणाल्या. त्याच्या शेजारी त्याची मुलगी तेवढी हसली नाही. ती त्याच्या पायाकडे बघत होती.

दिग्दर्शक उठला. "काका, एकदा करूनच दाखवा. मी आवाज बंद करतो. बघू तरी, आठवतंय का तुम्हाला."

बोलणं हसत हसत होतं, पण परीक्षा होती हे दोघांनाही कळत होतं. एक पाय टेकवायचा, बस. टेकवला की वर्षभराचं काम.

मुलीने हळूच त्याची बाही धरली. "बाबा, नको ना."

"बस तू."

पुढे लाकडी चौथरा होता. त्यावर तो चढला, पडद्याकडे तोंड केलं. चित्र सुरू झालं आणि त्या जाड्या, टक्कल पडलेल्या माणसाच्या बुटांतून एक विशीतली पोर नाचू लागली. चार पावलं. टाचेवर गिरकी. दोन पावलं. ती थांबली. तोही थांबला.

सगळा भार उजव्या पायावर होता. गुडघा थरथरायला लागला, कळ थेट कमरेपर्यंत गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली. डावा पाय जमिनीपासून दोन बोटं वर होता. सगळे कान टवकारून बसले होते. त्याने दात आवळले आणि पाय खाली येऊ दिला नाही. पडद्यावरचा प्रसंग संपून पुढचा लागला, तेव्हा कुठे त्याने तो अलगद, आवाज न करता टेकवला.

"काका, ते पाऊल राहिलं," दिग्दर्शक म्हणाला.

"नाही साहेब. हे असंच व्हायला हवं होतं. ती थांबली की आपण थांबायचं."

दिग्दर्शकाचं हसू हळूहळू मावळलं. त्याने पहिल्यांदाच त्या गुडघ्याकडे नीट पाहिलं. मग घड्याळाकडे बघत म्हणाला, "बरं. मी फोन करतो तुम्हाला."

टाळ्या वाजवायच्या की नाही, मुलांना कळेना. बाईंनी दिवे लावले. पाऊलवाला तिथेच उभा होता, कारण पाय पुढेही जाईना आणि मागेही येईना. मुलगी आपली खुर्ची उचलून पुढे आली, ती तिने त्याच्या मागे ठेवली आणि दंडाला धरून त्याला बसवलं. मग त्याच्या पायाशी चौथऱ्याच्या कडेला बसून तिने गुडघ्यावर हात ठेवला. नेहमीसारखं "काही नाही गं" म्हणून त्याने तो बाजूला केला नाही.